पट अकरा, शिक्षक दोन : शाळा कुणाच्या पैशाने आणि कशासाठी?

बांधावरची_बाभळ (धागाकर्ती)

भाचीचं बी.एड. चाललंय. मागच्या महिन्यात चार दिवस आमच्याकडे होती, तेव्हा तिची फाईल डायनिंग टेबलावर पडलेली असायची. पेपरचं नाव भारदस्त : शिक्षणाची तात्त्विक, सामाजिक आणि राजकीय अधिष्ठाने. भाजी निवडता निवडता चाळली. आदर्शवाद म्हणजे प्लेटो, निसर्गवाद म्हणजे रूसो, कार्यवाद म्हणजे ड्यूई. प्रत्येकाखाली तेच सहा रकाने : ध्येये, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शिक्षकाची भूमिका, शिस्त, गुणदोष. प्लेटोच्या रकान्यात माणसांच्या सोनं, चांदी आणि लोखंड-पितळ अशा प्रती होत्या. ही धातूंची गोष्ट आपल्याकडे दुसऱ्या नावाने चालतच होती की, असं मनात आलं. शेवटच्या पानावर चौकटीत जोतीराव फुले. साडेचार ओळी. स्त्रीशिक्षणाचे जनक, १८४८, भिडेवाडा, संपलं.

त्याच आठवड्यात गावाहून चुलतभावाचा फोन. आमचं गाव पाटण तालुक्यात, वरच्या अंगाला. गावातली चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा आता अकरा पटावर आली आहे. ती खालच्या गावच्या शाळेत 'समायोजित' करायची चर्चा आहे. अंतर रस्त्याने साडेतीन किलोमीटर, पावसाळ्यात ओढा आडवा. माझे वडील त्या शाळेत शिकले, मी दुसरीपर्यंत शिकले. भावाचं म्हणणं, तू शिकलेली आहेस, चार ओळी लिहून दे, ग्रामसभेत वाचतो.

मी लिहायला बसले आणि अडकले. शाळा बंद करू नका, हे लिहायला सोपं. पण का नको? 'आमच्या आठवणी आहेत' हे कारण होत नाही. अकरा मुलांसाठी दोन पगार सरकारने का द्यावेत याचं उत्तर भाचीच्या फाईलमध्ये असायला हवं होतं. तिथे सापडलं नाही म्हणून त्या साडेचार ओळींवाल्या माणसाकडे गेले. फुल्यांनी १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन पहिल्यांदा पूर्ण वाचलं. (शरमेची गोष्ट आहे, वय ४६.)

त्यातला युक्तिवाद सुरू कुठून होतो बघा. ज्ञान म्हणजे काय, बालकाचा सर्वांगीण विकास वगैरेवरून नाही, सारावसुलीपासून! सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा रयतेच्या घामातून येतो, वरचे वर्ग तिजोरीत जवळजवळ काहीच टाकत नाहीत, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्यांच्या कॉलेजांवर होतो. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीला ते सरळ विचारतात की इतक्या वर्षांत किती झिरपलं, दाखवा. मग मागण्या. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, त्यांना बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं थोडं ज्ञान, आरोग्य आणि नीतीचे धडे. गावातला आणि शहरातला अभ्यासक्रम थोडा वेगळा असावा, हेही आहे.

म्हणून हा धागा. मला असं वाटायला लागलंय की शिक्षणाचं 'अधिष्ठान' शोधायचं तर आधी पावतीपुस्तक उघडावं. कर कोण भरतं, शाळा कुणाला मिळते, आणि पैसे कमी पडले की कोणाला 'तू थांब' सांगितलं जातं. बाकीचे वाद त्यानंतर. चुकत असेन तर सांगा. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आहे.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो.

दरम्यान माहितीसाठी : निसर्गवादाचे जनक रूसो यांनी स्वतःची पाचही मुलं अनाथालयात दिली होती. तेव्हा शिक्षणाच्या धाग्यावर 'तुमची मुलं कुठल्या शाळेत?' असं कोणी कोणाला विचारू नये, परंपरा जुनी आहे.

हिशेबी

धागा आवडला, निष्कर्ष नाही. पावतीपुस्तकच उघडायचं म्हणता ना, मग पूर्ण उघडू.

अकरा मुलं, चार इयत्ता. म्हणजे एका इयत्तेत सरासरी पावणेतीन मूल. कुठल्या तरी इयत्तेत एकच मुलगी असेल. तिला वर्गमैत्रीण नाही, खो-खोला संघ नाही, कविता म्हणायला सूर धरणारं दुसरं कोणी नाही. दोन शिक्षकांपैकी एक कायम मिटिंग, प्रशिक्षण, निवडणूक, नाहीतर शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब यांत. उरलेला एक चार इयत्ता सांभाळतो. याला आपण शाळा म्हणतो ते केवळ इमारतीवर पाटी आहे म्हणून.

राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा २०२३ च्या सुमारास पंधरा हजारांच्या आसपास होत्या. पानशेत आणि तोरणमाळला समूह शाळेचा प्रयोग झाला. मुलांना बसने एका चांगल्या शाळेत आणायचं, तिथे इयत्तेला शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान. त्याच पैशात मुलाला जास्त मिळत असेल तर फुले तरी नको म्हणाले असते का? भावनेपोटी वाईट शाळा जिवंत ठेवणं हा गरिबाच्या मुलावरच अन्याय आहे.

खडू_फळा

मी एकतीस वर्षं जि.प.मध्ये काढली, त्यातली शेवटची सात केंद्रप्रमुख म्हणून. हिशेबी यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. एकशिक्षकी शाळेत मी स्वतः होतो, पहिलीला 'क' गिरवायला लावून चौथीला भागाकार शिकवलाय. पण काही गोष्टी कागदावर दिसत नाहीत त्या सांगतो.

१) बस. बस ही जूनमध्ये येते. ऑगस्टात दरड येते, मग बस येत नाही. डिसेंबरात ठेकेदाराचं बिल थकतं, मग ठेकेदार येत नाही. शाळा मात्र कायमची गेलेली असते, कारण एकदा शाळेचा यू-डायस (सरकारी नोंदणी) क्रमांक गोठला की तो परत मिळवणं म्हणजे मेलेल्याचा हयातीचा दाखला काढणं.

२) अंतर. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. मोजायचं कसं? नकाशावर सरळ रेघ मारली की साडेतीनचे दीड होतात. ओढा नकाशावर वाहत नाही.

३) पट कमी का झाला? हा प्रश्न कोणी विचारत नाही. गावात मुलंच नाहीत की मुलं आहेत पण सकाळी साडेसातला पिवळ्या गाडीत बसून जातात? दोन्हींवर औषध वेगळं.

कायद्याच्या परिशिष्टात साठ पटापर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे पट अकरा असला तरी दोन. ती मेहेरबानी नाही, किमान आहे. २०१७ च्या शेवटी दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करायचं निघालं होतं, तेव्हाही हाच वाद झाला होता.

बाकी बाभळताई, फुल्यांच्या निवेदनात अजून एक आहे ते वाचलंत का? निकाल पाहून शिक्षकाला पैसे देण्याची पद्धत तेव्हा होती. ते म्हणतात, ज्या लोकांना अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही त्यांच्यात या पद्धतीने शिक्षण वाढणार नाही. मास्तर कशाला मागासल्या वस्तीवर जाईल, तिथे निकाल कुठून आणणार? आज 'अध्ययन निष्पत्ती'च्या तक्त्यावरून शिक्षकाला झापताना मला ती ओळ आठवते.

उंबरठा

पिवळ्या गाडीवाली मी. माझा मुलगा गावातली जि.प. शाळा सोडून बारा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातो. फी वर्षाला अठ्ठावीस हजार, गाडीचे वेगळे. नवऱ्याचं दुकान आहे, जेमतेम.

आम्हाला मराठी नको होतं असं नाही. आमच्या शाळेतल्या बाई उत्तम होत्या. त्यांची बदली झाली, पाच महिने कोणी आलंच नाही. तेवढ्यात शेजारच्यांनी गाडी लावली. वर्गातली सहा मुलं गेली, मग माझाच एकटा उरला तर काय करू? तत्त्व सांगणारे सगळे पुण्यात राहतात आणि त्यांची मुलं इंग्रजीत शिकतात.

बांधावरची_बाभळ

@उंबरठा, बरोबर पकडलंत. माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. पुण्यात. सबबी आहेत माझ्याकडे, पण त्या इथे सांगत नाही.

@खडू_फळा, विचारलं भावाला. गावात सहा ते दहा वयाची मुलं सव्वीस. अकरा शाळेत, नऊ गाडीने जातात, सहा मुंबईला आई-बापाबरोबर. म्हणजे गाडीतली नऊ परत आली तर पट वीस. वीसमध्येही धोका आहेच म्हणा.

दिवाकंदील

पावतीपुस्तकाच्या मुद्द्याला जोड. दोन हिशेब समोर ठेवतो, दोन्ही दारूचे आहेत.

पहिला. मार्च १९२७, मुंबई विधिमंडळ, अर्थसंकल्पावर चर्चा. बाबासाहेब आंबेडकर नुकतेच सदस्य झालेले. ते म्हणाले, आपण शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतो आणि अबकारीतून, म्हणजे दारूवरच्या करातून, माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतो. निदान जेवढं लोकांकडून अबकारीत घेता तेवढं तरी शिक्षणावर परत द्या. त्याच भाषणात दुसरा आकडा : पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. उरलेली ब्याऐंशी परत निरक्षर होतात, म्हणजे त्यांच्यावर केलेला खर्चही वाया. हा माणूस कोलंबियात ड्यूईंच्या वर्गात बसला होता, लोकशाही आणि शिक्षण यांचं नातं त्याला कुणी समजावायला नको होतं. तरी सभागृहात त्याने काढलं काय, तर चौदा आणे.

दुसरा. १९३७. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. दारूबंदीचं वचन दिलेलं. आणि लक्षात आलं की शाळा चालतात त्या बऱ्याच अंशी दारूच्या उत्पन्नावर! दारू बंद केली तर शाळा बंद. मुलांना शिकवायचं तर बापाला पाजायचं, हा क्रूर विनोद गांधींना सहन होईना. त्यातून त्यांनी मांडलं की शाळेने आपला खर्च आपण काढावा : हस्तोद्योगातून शिक्षण, आणि मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, त्याला आपण 'नई तालीम' म्हणतो. बी.एड.च्या फाईलमध्ये हे 'हात, हृदय आणि बुद्धी यांचा समन्वय' या एका ओळीत येतं. ते खोटं नाही, गांधींना श्रमाची प्रतिष्ठा खरोखर हवी होती. पण निमित्त अंदाजपत्रकातल्या खड्ड्याचं होतं. त्याच परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला की अशाने मुलं मजूर होतील आणि त्यांचा स्वस्त माल बाजारातल्या कारागिराच्या पोटावर येईल.

म्हणून माझं मत बाभळताईंच्या जवळ जातं, थोडं पुढेही. पैसा कुठून येतो त्यावर शाळेचं तत्त्वज्ञान ठरतं.

हिशेबी

@दिवाकंदील, 'ठरतं' हा शब्द फार झाला. कोल्हापूर घ्या. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. शेजारच्या ब्रिटिश मुलखाकडे कोल्हापूरपेक्षा कितीतरी जास्त पैसा होता, तिथे गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ते तर किती बेतानं लिहिलेलं : जिथे आधीच मुलं बऱ्यापैकी शाळेत आहेत तिथेच सक्ती, तीही आधी मुलग्यांना, आणि खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलायचा. तरी पाडलं. खर्चाचं कारण पुढे केलं, आणि जमीनदारांना शेतावर पोरं कमी पडण्याची भीती. बडोद्यात सयाजीरावांनी अमरेलीत १८९३ पासूनच सक्ती करून दाखवली होती, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. पैसा नसलेले करतात, असलेले करत नाहीत. मग पैशाने काय ठरलं?

दिवाकंदील

हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. 'पैसे नाहीत' हे कधीच पैशाबद्दलचं वाक्य नसतं.

हिशेबी

टाळीबाज आहे. पण मान्य, अर्धं.

रानमेवा

पुण्याचं उदाहरण राहिलं. मुंबई प्रांताच्या १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करायची मुभा मिळाली. लगेच वाद, की मुलगे-मुली दोघांना एकदम सक्ती करायची, की पैसे कमी म्हणून आधी मुलग्यांना? टिळक 'आधी मुलगे' या बाजूला होते. १९२० मध्ये किर्लोस्कर थिएटरातल्या सभेत त्यावरून गोंधळ झाला. दुसऱ्या बाजूने रमाबाई रानडे बायकांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. पैसे कमी पडले की 'तू थांब' कोणाला, याचं उत्तर त्या वर्षी पुण्यात जाहीर सभेत दिलं गेलं.

जुना_पेठकर

लोकमान्यांवर चिखलफेक करण्यासाठी धागा आहे का? त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. संदर्भ सोडून...

[यापुढचे नऊ प्रतिसाद हलवले आहेत. टिळक-आगरकर वादासाठी वेगळा धागा आहे, तिकडे जावे. इथे शाळेवर बोला. – संपादक मंडळ]

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे हेच नाटक भाषेच्या वेषात झालं, म्हणून लिहिते.

१९६१ नंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, बहुतेक मराठी. माझी आई त्यातल्या एकीत शिकली, तिच्या आधी घरात कोणी बाई शाळेत गेली नव्हती. पोर्तुगीज अमदानीत लिसेव (पोर्तुगीज माध्यमिक शाळा) होतं, पण ते कोणासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे १९९० च्या सुमारास धोरण आलं की प्राथमिकला अनुदान कोकणी-मराठीसारख्या आपल्या भाषांतल्या शाळांनाच मिळेल. चर्चच्या शाळांनी बऱ्याच ठिकाणी कोकणी घेतली, तीही देवनागरीत. २०११ ला सरकारने इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरवलं आणि त्या शाळा इंग्रजीत गेल्या. त्यावरून भारतीय भाषा सुरक्षा मंचाचं आंदोलन झालं, सरकारं बदलली, अनुदान राहिलं.

आता गंमत. दोन्ही बाजू शिक्षणशास्त्रच सांगत होत्या. मातृभाषेतून शिकण्यावर एका बाजूची व्याख्यानं, पालकाच्या निवडीच्या हक्कावर दुसऱ्या बाजूची. आणि आमच्या वाड्यावरची सरकारी मराठी शाळा ना या बाजूची, ना त्या. ती हळूच बंद झाली. पट चार. आता तिथे पंचायतीचं सामान असतं.

मला वाटतं पट ही गोष्ट पावसासारखी पडत नाही. कुठे अनुदान द्यायचं, कुठे बालरथ (शाळेची बस) फिरवायचा, कुठल्या शाळेला बाई द्यायची नाही, यातून पट घडवला जातो. मग तोच पट दाखवून शाळा बंद होते.

तिरकस

शेवटचा परिच्छेद वाखुसा (वाचनखूण साठवली).

आमच्याकडे २०२५ च्या एप्रिलात पहिलीपासून हिंदी आली, जूनअखेर गेली. अडीच महिने सगळं राज्य भाषेच्या शिक्षणशास्त्रात पारंगत होतं. 'पहिलीला शिकवायला बाई आहे का' हे मात्र त्या अडीच महिन्यांत मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ऊसपाचट

मी जास्त लिहीत नाही इथे. पण बसचं वाचलं म्हणून.

आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जायचे. बीडहून. दसरा झाला की मुकादमाची गाडी, आणि परत यायला पाडवा उलटायचा. मी पहिली ते चौथी चार कारखान्यांवर काढली. शाळेत नाव होतं, पटावर होतो, शाळेत नव्हतो. जून ते दसरा एवढंच माझं वर्ष. मार्चमध्ये परीक्षा व्हायची तेव्हा आम्ही फडात. एका कारखान्यावर साखरशाळा (ऊसतोड्यांच्या मुलांची शाळा) होती, पत्र्याची, तिथले सर संध्याकाळी कोपीवर (आमच्या झोपडीवर) येऊन शिकवायचे. पाढे मला त्यांनी शिकवले. मग पाचवीला आजी गावात राहिली माझ्यासाठी म्हणून मी टिकलो. बहीण नाही टिकली. ती कोपीवर भाकरी करायला लागायची ना.

आता मी तलाठी आहे. नोंदी मीच घालतो. कागदावर शंभर टक्के पटनोंदणी दिसते तेव्हा मला माझं नाव आठवतं, चार वर्षं पटावर असलेलं.

तुमच्या अकरा मुलांना शाळा साडेतीन किलोमीटर लांब गेली तर त्यांची नावं पटावरच राहतील. ती कुठे जात नाहीत. नावं कधीच गळत नसतात.

खडू_फळा

@ऊसपाचट, हात जोडतो.

तुमच्यासारख्या मुलांसाठी शाळेनेच चालत जायचं, हे करून दाखवलेलं आहे बरं आपल्याकडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला, वारली मुलांसाठी. मूल बालवाडीत येत नाही तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची. मोठी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत? मग शाळा कुरणावर. तिला नावच होतं 'कुरणशाळा'. गुरं चरतायत, पोरं पानाफुलांवर मोजणी शिकतायत. आम्हाला डी.एड.ला हा प्रयोग 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हणून दोन मार्कांना होता. तो नावीन्याचा नव्हताच. शाळा आणि मूल यांच्यात अंतर असेल तर ते चालायचं कुणी, एवढाच प्रश्न त्यात होता.

फुल्यांनीही हे ओळखलं होतं. शेतकऱ्याचं पोर शाळेत आलं की घरचा एक हात कमी होतो, म्हणून शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या असं ते आयोगाला सांगतात. आपण १९९२ पासून मुलींना रोजचा एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला, ती त्याच विचाराची नात. रुपया मात्र रुपयाच राहिला. मी वाटलाय तो. मुली हसायच्या.

हिशेबी

ऊसपाचट यांच्या प्रतिसादानंतर माझ्या पहिल्या प्रतिसादातलं एक वाक्य मागे घेतो, 'याला आपण शाळा म्हणतो ते केवळ पाटी आहे म्हणून' हे. बाकीचं नाही.

कारण प्रश्न उरतोच. चौथीत एकटी असलेली ती मुलगी. तिला तुम्ही घराजवळ शाळा दिलीत, पण काय दिलंत? कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेची कल्पना मांडली, त्यात वस्तीतल्या सगळ्यांची मुलं एका शाळेत अपेक्षित होती : पाटलाचं, मास्तरचं, भूमिहीनाचं. जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव, आपल्या कोल्हापूरकडचेच. आज तुमच्या गावात पिवळ्या गाडीतली नऊ एकीकडे आणि अकरा दुसरीकडे. त्या अकरांत कोण आहेत हे न विचारताही सांगता येतं. शाळा वाचवून तुम्ही ती फट वाचवताय असं नाही का होणार? समूह शाळेत निदान सगळे एका बाकावर येतील.

उंबरठा

समूह शाळेत माझा मुलगा येणार नाही. गाडीतलं कोणीच येणार नाही. तुम्ही अकरांना लांब नेताय, आम्हाला जवळ आणत नाहीये. आम्हाला परत आणायचं तर बाई आणा. साधी गोष्ट आहे.

दिवाकंदील

याच्यापेक्षा नेमकं कोणी लिहिलं नाही धाग्यावर.

सगळ्यांना एका बाकावर बसवायचा दुसरा मार्ग होता पंचवीस टक्क्यांचा. खासगी शाळांत दुर्बल घटकांतल्या मुलांना राखीव जागा. त्याचं काय झालं? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियमच बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला त्या जागा द्यायची गरज नाही. उच्च न्यायालयाने जुलैत ते रद्द केलं. गंमत बघा, गरिबाच्या मुलाला खासगी शाळेत जायचं असतं तेव्हा 'शेजारी सरकारी शाळा आहे की' असं सांगायचं, आणि तीच शेजारची शाळा पट कमी म्हणून उचलायची.

आणि बाभळताई, तुमच्या अर्जासाठी एक मुद्दा. 'चौदा वर्षांपर्यंत' हे वय घटनेत कसं टिकलं माहीत आहे? नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत सूचना आली की हे कलम प्राथमिक शिक्षणापुरतंच ठेवा. आंबेडकरांनी उत्तर दिलं की दुसऱ्या कलमाने आपण चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायला बंदी घालतोय. कामावर जायचं नाही तर मूल त्या वयात कुठे असेल? कुठल्या तरी शाळेत असायला हवं. तरी ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत होतं, दहा वर्षांच्या मुदतीचं. मुदत १९६० ला संपली. मूलभूत हक्क व्हायला २००२ ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती लागली, कायदा लागू व्हायला एप्रिल २०१० उजाडलं. हंटर आयोगापुढच्या निवेदनापासून मोजा.

तिरकस

मोजलं. १२८ वर्षं. यष्टी लागली होती बहुतेक वाटेत.

बांधावरची_बाभळ

ग्रामसभा झाली. वृत्तांत देते.

अर्ज मी तिसऱ्यांदा लिहिला. पहिल्या खर्ड्यात फुले, शाहू, गोखले सगळे होते, भाऊ म्हणाला 'आक्का, एवढं वाचेपर्यंत लोक घरी जातील'. दुसऱ्यात फक्त कायद्याची कलमं. तिसरा दीड पानाचा. त्यात चार गोष्टी : गावातल्या सव्वीस मुलांची यादी, वयासकट, कोण कुठे शिकतं यासह. ओढ्याचा फोटो, गेल्या ऑगस्टातला. साठ पटापर्यंत दोन शिक्षक हा नियम, आणि गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्षात दोन शिक्षक किती महिने होते त्याचा हाजरीवरून काढलेला हिशेब. सांगू किती? छत्तीसपैकी चौदा महिने. हा हिशेब काढायचं सुचलं ते उंबरठा यांच्यामुळे.

@हिशेबी, तुमची चौथीतली एकटी मुलगी खरंच आहे. ग्रामसभेत ती आईच्या मांडीला टेकून बसली होती. तिच्या आईने विचारलं, बस कुणाच्या जबाबदारीवर? उत्तर आलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही अजून. शेजारच्या दोन वाड्यांच्या शाळा मिळून शनिवारी एकत्र भरवाव्यात, खेळ आणि गाणी एकत्र, असं आमच्या गुरुजींनी सुचवलंय. बघू.

पिवळ्या गाडीतल्या नऊपैकी तिघांचे पालक म्हणाले, जूनपर्यंत दुसरा शिक्षक आला तर परत घालतो. लिहून द्या म्हटल्यावर दोघांनी सही केली.

भाचीला पेपरात प्रश्न आला होता, 'शिक्षणाचे राजकीय अधिष्ठान स्पष्ट करा'. तिने आमच्या ओढ्याचं उदाहरण लिहिलं. मार्क कळले की सांगते.

ठराव एकमताने झाला. आता पुढे काय करायचं?

खडू_फळा

ठरावाच्या तीन प्रती काढा. एक गटशिक्षणाधिकारी, एक जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक, एक तुमच्याकडे. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा वेगळा ठराव हवा, ग्रामसभेचा पुरत नाही. दोन्हीकडे आवक नंबर आणि शिक्क्यासह पोच घ्या. साहेब नाहीत, उद्या या म्हणतील. तिथेच बसा. आवक-जावकच्या टेबलाला साहेब लागत नाही. आणि त्या दोन सह्यांच्या झेरॉक्स जोडू नका, मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, जूनमध्ये लागतील.